वळणाने गेलेला फोन

तिला मी कधी पाहिलं नाही, फक्त ऐकलं. ऐंशीनंतरची ती वर्षं, रत्नागिरीच्या एक्स्चेंजमध्ये ट्रंककॉल जोडून देणारी ती बाई. बोलण्याआधी हलकेच खाकरायची.

माझा धाकटा भाऊ बोटीवर खलाशी लागला होता. बोट दुपारी मुंबईहून सुटणार होती आणि आईला त्याच्याशी बोलायचं होतं. आईसोबत पोस्टात जाऊन फोन मागितला, तर मुंबईची लाईन भरलेली.

"थांबा हं," ती खाकरून म्हणाली. "सरळ नाय जात, तर कोल्हापूरवरनं पुण्याला नि तिथनं मुंबईला नेते."

एकेका गावच्या ऑपरेटरला हाका मारत तिने गोदीच्या ऑफिसात भावाला गाठलं. पण एवढ्या वळणांत आवाज विरला. आई नि मी एकाच रिसिव्हरला कान लावून होतो; आई ओरडत होती, त्याला ऐकू जाईना. मग तीच मध्ये राहून सांगू लागली, "आई म्हणतायत, वेळेवर जेव."

शेवटी आईने पदर तोंडाला लावला. शब्द फुटेना. बाई खाकरली आणि नुसतं म्हणाली, "जप रे बाळा."

भाऊ आजही सांगतो, आईचं तेवढं बोलणं स्वच्छ ऐकू आलं होतं. आईने ते कधी खोडून काढलं नाही. एक्स्चेंजवरून जाताना मात्र ती हात जोडायची, देवळावरून जाताना जोडतात तसे.