हरण्याच्या वाटणीचं तूप

सारजाबाईला गावात भांडकुदळ म्हणणारे बरेच होते, आणि ते अगदीच खोटं बोलत होते असं मी म्हणणार नाही. कुणी जनावराला उगाच आसूड ओढला की बाईचं तोंड जे सुटायचं, ते मारणारा चार शेतं पलीकडं गेला तरी मिटायचं नाही. एरवी मात्र बाई लोण्याची. तेर गावापासून गाडीवाटेनं आत गेलं की तिचं गाव. नवरा ज्ञानोबा, तिच्या बरोबर उलटा. दिवसाकाठी मोजून बोलायचा. गोठ्यात हरण्या-सोन्याची जोडी, आणि त्या जोडीला गावात मान. पोळ्याच्या दिवशी वेशीला आंब्याच्या पानांचं तोरण बांधायचं आणि ज्ञानोबाच्या बैलांनी ते तोडल्याशिवाय गावातलं एकही जनावर आत यायचं नाही. सासू जाताना सारजाबाईचा हात धरून म्हणाली होती, "तोरणाचा मान जाऊ देऊ नको गं बाई." ते सारजाबाईनं काळजात बांधून ठेवलं होतं.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडाच काळ झाला होता. त्या उन्हाळ्यात हरण्या गेला. सोन्या जोडीदारावाचून खचला, गुडघ्यात बसला. ज्ञानोबानं दुसरा बैल आणायचं नावच काढलं नाही. गेला बार्शीकडं आणि एका बागाईतदाराचा जुना, ठेंगणा ट्रॅक्टर घेऊन आला. रंग उडालेला, एक दिवा फुटलेला, पण नांगराला वाघ. हरण्याची घुंगुरमाळ मात्र त्यानं गोठ्यातल्या खुंटीला टांगली ती टांगलीच. सारजाबाई एकदा म्हणाली, "टॅक्टरला बांधू का?" तर तो म्हणाला, "लोखंडाला कशाला?" आणि तोंड फिरवून गेला.

पोळा जवळ आला तशी पारावर चर्चा सुरू झाली. ज्ञानोबाकडं जोडी न्हाय, मग मान कुणाला? नंबर लागत होता शरणबसप्पाचा. माणूस भला, पण मिशीला पीळ भरायला लागला होता. सारजाबाई पारावर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आमचा टॅक्टर तोडंल तोरण!" लोक पोट धरधरून हसले. शेवटी ठरलं असं, की ट्रॅक्टर आपल्या पायानं वेशीपर्यंत आला तर मान ज्ञानोबाचा. ढकलत नाहीतर ओढत आणला, तर शरणबसप्पाची जोडी पुढं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळणी असते. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेले बैलांचे खांदे तूप-हळदीनं चोळायचे आणि त्यांना जेवणाचं आवतण द्यायचं. सारजाबाईनं सवयीनं दोन बैलांचं तूप कढवलं. सोन्याचे खांदे चोळून झाले आणि वाटीत निम्मं तूप तसंच राहिलं. हरण्याच्या वाटणीचं! बाईला गलबलून आलं. ते तूप परत डब्यात ओतायचा तिला धीर होईना. ज्ञानोबा ओढ्याकडं गेलेला. तिनं इकडं तिकडं बघितलं, पदर खोचला आणि वाटी घेऊन ट्रॅक्टरकडं गेली.

सकाळी ट्रॅक्टरला झूल घातली, पुढं केळीचा खुंट बांधला, धुराड्याला गोंडा लावला. नवरीसारखा सजला गडी. दुपारी वेशीकडनं हलगी वाजायला लागली. ज्ञानोबानं हँडल मारलं, इंजिन धडधडायला लागलं. वर बसून त्यानं क्लच दाबला, गिअरचा दांडा सरकवला, आणि कर्रर्र! दात खाल्ल्यासारखा आवाज. पुन्हा दाबला, पुन्हा कर्रर्र. दुसरा गिअर बघितला, मागचा बघितला. एकही पडेना.

सारजाबाईनं तोंडाला पदर लावला. 'माझं तूप शिरलं वाटतं आत! झालं, मी माझ्या हातानं मान घालवला!'

नशीब म्हणायचं, बसवराज मिस्त्री पोळा बघायला गावात आला होता. विहिरींवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करणारा माणूस, चांगल्या धोतरावर होता, तरी धावत आला. आधी त्यानं गिअरचं तेल बघितलं. ठीक होतं. मग इंजिन बंद करायला लावलं आणि दांडा हलवला. गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला. एक, दोन, मागचा, सगळे.

"बंद असताना पडतोय, चालू असताना रडतोय," मिस्त्री म्हणाला. "म्हणजे क्लच पुरा सुटत न्हाय. आतली तबकडी चिकटली असंल. खोलावं लागंल."

"मग असं करू," ज्ञानोबा म्हणाला, "बंद असतानाच गिअर टाकतो अन् हँडल मारतो."

"मारा की! तुमच्याच छातीवर चढंल. वर वेशीत एवढी जनावरं, थांबवणार कसा?"

तेवढ्यात शरणबसप्पाची शिंगं रंगवलेली जोडी घुंगरं वाजवीत, हलगीवाला आणि निम्मं गाव बरोबर घेऊन दारावरून निघाली. ज्ञानोबा मान खाली घालून उभा राहिला. मिस्त्रीनं पाना उचलला. एकदा खोललं की आजचा पोळा संपला, हे सगळ्यांना कळत होतं. सारजाबाई पुढं सरकली, पुन्हा मागं झाली. सांगावं तर गाव हसणार, वर्षभर चिडवणार. न सांगावं तर मान गेलाच.

"थांबा!" ती ओरडली. "म्या काल ह्याची खांदमळणी केलीय!"

हलगीवाल्याचा हातसुद्धा थांबला. मग जी हसायची लाट उठली म्हणता! शरणबसप्पा तर बैलाच्या वशिंडाला धरून हसायला लागला.

मिस्त्री मात्र हसला नाही. "वैनी, कुठं कुठं हात लावला? दावा बघू."

"लावला की समदीकडं. चाकाच्या आसाला, नांगर जोडता तिथं, अन् ह्या पायडलाला. दिवसभर ह्यांचा पाय त्याच्यावर, सारखा आपला खाली आपटतोय. म्हणलं ह्याचा खांदा हितंच असंल. चोळलं, पुसलं अन्..." तिनं वाकून झुलीखाली हात घातला आणि पायडलाच्या तळातून काहीतरी ओढून काढलं. डोक्यावर घागर ठेवताना घेतात ती चिंध्यांची चुंबळ! "मऊ लागावं म्हणून ठेवली."

मिस्त्रीनं कपाळावर हात मारला. "अवो, पायडल खाली टेकलाच न्हाय, तर क्लच सुटंल कसा? ज्ञानोबा, मारा हँडल!"

इंजिन धडधडलं. ज्ञानोबानं पाय दाबला, पायडल पार खाली गेला, आणि गिअर आवाज न करता पडला. सारजाबाईनं भर लोकांत टाळ्या पिटल्या.

आता कुणालाही वाटेल, गडी लगेच निघाला असेल. पण ज्ञानोबा गिअर काढून खाली उतरला आणि बायकोच्या हातातल्या चुंबळीकडं बघत राहिला.

"तूप कुणाचं लावलंस?"

"हरण्याचं उरलं होतं," ती हळूच म्हणाली.

तो तडक वळला. गोठ्यात गेला, खुंटीवरची घुंगुरमाळ काढून आणली आणि ट्रॅक्टरच्या तोंडावर दोन्ही दिव्यांना धरून बांधली. मग डोळे पुसून वर चढला.

शरणबसप्पानं आपणहून जोडी बाजूला घेतली आणि ओरडला, "चला मानकरी, पुढं व्हा!" ट्रॅक्टर डुलत डुलत वेशीत शिरला. धुराड्याचा गोंडा तोरणात अडकला, तोरण ताणलं आणि काडकन तुटलं. काय तो गलका! हलग्या, शिट्ट्या, गुलाल. मिस्त्रीचं चांगलं धोतर पार लाल झालं.

सारजाबाई आरतीचं ताट घेऊन दारात येऊन थांबली होती. ट्रॅक्टर वळणावर आला, इंजिनाच्या धडधडीत घुंगरं वाजली, आणि आतून सोन्या हंबरला. किती दिवसांनी! बघते तर तो उठून उभा राहिलेला, कान टवकारून, माळेच्या आवाजाकडं तोंड करून.

रडत रडत, हसत हसत तिनं ट्रॅक्टरला कुंकू लावलं, धुराड्याला ओवाळलं. पुरणपोळीचा पहिला घास सोन्याला भरवला. ज्ञानोबा वरूनच बघत होता.

"पुढच्या पोळ्याला ह्याची खांदमळणी मी करणार," तो म्हणाला. "तू फकस्त चुंबळ लपवून ठिव."