गरम खोलीतला गहू

...तर काल आपण साडू गव्हाशी गप्पा मारायचा तिथवर आलो होतो. खरंच मारायचा हो. संशोधन केंद्राच्या काचघरात तो अकरा वर्षं रोजंदारीवर माळी आणि मी तिथलाच सुतार. मी ठोकलेल्या फळ्यांवर त्याच्या कुंड्या. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळे एकाच्या घरची बोलणी दुसऱ्याला डब्याबरोबर पोचायची.

काचघरात दोन खोल्या, एक गार आणि एक गरम. दोन्हीत गहू आणि मका. साडू पानं कापायचा, भट्टीत वाळवायचा, खलात कुटून अगदी पीठ करायचा. त्या वाळल्या पानांचा गोडसर वास अजून माझ्या नाकात आहे. मग बाई, म्हणजे तिथल्या शास्त्रज्ञ, ते पीठ यंत्रात घालून बघायच्या, की पानात हलका कार्बन किती आणि जड किती. मला त्यांनी एकदा फळीवर खडूनं समजावलं होतं. हवेत दोन्ही असतात. गहू चोखंदळ, जड शक्यतो टाळतो. मक्याच्या पानाची ठेवणच वेगळी, तो समोर येईल ते बहुतेक घेतो. पण उन्हाच्या काहिलीत गहू पानाची भोकं मिटतो, आतली हवा अपुरी पडते, आणि त्याचे नखरे उतरतात. थेट आमचा मेव्हणा, एरवी नाक मुरडणारा, भूक लागली की मिळेल ते खाणारा! म्हणजे गरम खोलीतल्या गव्हात जड कार्बन वाढायला हवा, मक्यात फारसा फरक नको.

दोन वर्षं झाली, तिसरं सरत आलं, तरी गहू काही बदलेना. बाई आधी यंत्रावर चिडल्या, मग स्वतःवर, आणि शेवटी सगळं गुंडाळायच्या बेताला आल्या. नेमका त्याच आठवड्यात साडूला कायम करायचा कागद त्यांच्या टेबलावर सहीला पडलेला. आणि गडी जेवेना. खोदून विचारलं तेव्हा बोलला. दुपारी गरम खोलीतला गहू मान टाकायचा, ह्याला बघवायचं नाही, म्हणून हा रोज त्या कुंड्या दोन-तीन तास गार खोलीत नेऊन ठेवायचा. मका ताठ उभा, त्याला कधी हात लावला नाही.

मी म्हटलं, आधी सही होऊ दे. त्याच्या बायकोनंही तेच विनवलं. पण दुसऱ्या दिवशी हा बाईंसमोर जाऊन उभा. मी दाराची बिजागरी बघायच्या निमित्तानं तिथेच. त्यानं सगळं सांगून टाकलं.

बाईंनी चष्मा काढून पुसला. मग स्वतःशीच म्हणाल्या, म्हणजे यंत्र बरोबर होतं तर. कागद पुढे ओढला, सही केली, आणि विचारलं, "आता पुन्हा पहिल्यापासून. दुपारी त्या खोलीत राखणीला बसणार कोण?"

"मीच बसतो, बाई. फक्त गव्हाकडे पाठ करून बसू द्या."