केशर थंड दुधात टाकत नाहीत

मंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी खिडकीपाशी बसून एका डबीचा वास घेत होते. दुपारची वेळ होती. डबी एवढीशी, अंगठ्याच्या पेराएवढी, आणि तळाशी थोडंसं केशर उरलेलं. फोनवर तिची सून प्रणिता होती. "मावशी, आई गेल्या..." एवढंच म्हणाली. माणूस गेल्याची बातमी ऐकून मनात काय यावं याचा काही नेम नसतो. माझ्या मनात आलं, अरे, हिला उत्तर सांगायचं राहूनच गेलं.

ती डबी मंदानेच दिली होती, आमच्या शेवटच्या भेटीत. मुलुंड पूर्वेला तिची आणि माझी इमारत एकाच गल्लीत, मधे पिठाची गिरणी. त्या दिवशी गेले तेव्हा ती पलंगावर उशांना टेकून बसली होती. औषधांनी तिची चव आधीच गेली होती, आता वासही गेला होता. मला स्वयंपाकघरातून डबी आणायला लावली, माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "घेऊन जा. इथे कुणी नीट वापरणार नाही." मग थोडं थांबून, "आधी उघड. वास घे. आणि मला सांग कसा येतो तो. माका वासच येणा नाय गो आता." मंदा चिडली किंवा हळवी झाली की मालवणीत शिरायची. त्या दिवशी ती चिडलेली नव्हती.

मी वास घेतला. आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली, पुस्तकांत बसून म्हातारी झाले, आणि मला एक शब्द सापडेना. म्हटलं, "वाळलेल्या गवतासारखा... नाही, थोडा मधासारखा. मध, पण कडू." ती डोळे मिटून ऐकत होती. मी म्हटलं, "जुनं पुस्तक उघडल्यावर येतो ना, त्याच्या जवळपासचा." तिने डोळे उघडले. "पुस्तकच आठवणार तुला! एवढं वाचलंस, वाया गेलं सगळं. घरी जा, विचार कर, आणि ये परत सांगायला." आम्ही दोघी हसलो. मी घरी आले आणि खरंच विचार करत बसले. रोज डबी उघडायची, नाकाशी धरायची, बंद करायची.

आमची मैत्री सुरू झाली तीही केशराच्या खरेदीतून. दोघींच्याही नोकऱ्या तेव्हा चालू होत्या. ती टेलिफोनच्या ऑफिसात. दर वर्षी गुढीपाडव्याच्या आधी ती मला ओढून घाटकोपरला न्यायची, स्टेशनजवळच्या सुक्या मेव्याच्या एका दुकानात. श्रीखंड ती घरी करायची, चक्का स्वतः टांगून, आणि त्यात केशर हवंच. दुकानात काजू-बदाम पोत्यांत उघडे, केशर मात्र शेठच्या मागे काचेच्या कपाटात, कुलपात. शेठ किल्ली काढायचे आणि मंदा पदर खोचायची.

"शेठ, सोन्याच्या भावात विकता काय हो?"

"ताई, सोन्यापेक्षा नाजूक माल आहे हा."

"सोनं अडीअडचणीला मोडता तरी येतं. हे दुधात गेलं की गेलं. मग सांगा, महाग कशाला?"

शेठ हसून हात जोडायचे. ती मात्र थट्टा करत नव्हती. तिला खरोखर कळून घ्यायचं होतं, की चिमूटभर वाळक्या काड्यांना एवढे पैसे का. मी पुस्तकात वाचलेलं सांगून बघितलं, की फुलं थोडी येतात, काम हाताने होतं वगैरे. तिचं समाधान झालं नाही. "हाताने तर मीही भाकऱ्या करते," म्हणाली. शेवटी एक काडी जिभेवर ठेवायची, कडवट लागली की मान डोलवायची, दुसरी पाण्यात टाकून बघायची. खरं केशर रंग सोडायला वेळ घेतं, लगेच लाल झालं तर समजायचं रंगवलेलं आहे. एवढं सगळं करून, वर घासाघीस करून, घ्यायची किती, तर एक ग्रॅम.

मग एका मे महिन्यात आम्ही काश्मीरला गेलो. मुलुंडच्याच मंडळींची सहल, बसमध्ये अंताक्षरी, पुड्यांतला चिवडा, सगळं यथासांग. श्रीनगरच्या वाटेवर पांपोरला बस थांबली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केशराची दुकानं. बाकीच्या बायका आत गेल्या, मंदा दुकानाच्या मागे गेली. तिला शेत बघायचं होतं. मागे शेत होतं, पण त्यात काहीच नव्हतं. नुसती भुरी, उघडी माती, वाफे पाडलेली, लांब डोंगरापर्यंत. दुकानाचा म्हातारा मालक मागोमाग आला. "बहनजी, फूल तो अक्तूबर-नवंबर में. अभी तो सब ज़मीन के अंदर सो रहा है." मंदा त्या मातीकडे बघत राहिली. मराठी माणसं काश्मीरला जाणार मुलांच्या सुट्टीत, आणि केशर फुलणार शरद ऋतूत. दोघांची गाठ पडायची कशी?

त्या म्हाताऱ्याला मात्र तिच्यात ऐकणारं माणूस सापडलं. तो हाताने दाखवत बोलत होता. फुलं येतात ती दोन-तीन आठवडे, बस. उजाडता उजाडता खुडायची, ऊन चढायच्या आत, वाकून, कारण फूल जमिनीलगत. मग फुलांचा ढीग घरात आणून पोरंबाळं, सुना, म्हाताऱ्या सगळ्या गोल बसतात. एकेका फुलातून तीन लाल तंतू चिमटीने ओढायचे, बाकीचं फूल बाजूला. एवढा ढीग संपला की हाती येतं ते ओंजळभरही नसतं. आणि वाळल्यावर तर... त्याने चिमूट दाखवली. मंदाने फक्त एक प्रश्न विचारला. "कमर दुखता होगा ना?" म्हातारा म्हणाला, "कमर भी, आँख भी."

बसमध्ये ती माझ्या शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, "वसू, हे आमच्या आईचं काम आहे गो." तिचे वडील कापडाच्या गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर भांडुपच्या खोलीत तिच्या आईने खोट्या मोत्यांच्या माळा ओवायचं काम घेतलं होतं. मधे परात, भोवती आई आणि मुली, माना खाली. शाळेतून आलं की दप्तर टाकायचं आणि ओवायला बसायचं. दुकानात त्याच माळा बायका "केवढ्याला? इतके?" म्हणून परत ठेवायच्या, हे तिने लहानपणी डोळ्यांनी बघितलं होतं. "मी तेच करते शेठच्या दुकानात दर वर्षी," ती म्हणाली.

त्या वर्षीपासून कोथिंबिरीच्या जुडीसाठी भाजीवालीशी भांडणारी ही बाई केशराच्या किमतीवर एक शब्द बोलेनाशी झाली. पहिल्यांदा तिने मुकाट पैसे काढून दिले तेव्हा शेठ घाबरले. "ताई, तब्येत बरी आहे ना?" त्यांनी विचारलं.

तेव्हापासून तिच्या घरात केशर वाया घालवणं हा गुन्हा झाला, आणि तिच्या मते ते वाया घालवायच्या दोन रीती होत्या. एक माझी. सहलीत घेतलेली डबी मी कपाटात साड्यांखाली जपून ठेवली होती, काही खास असेल तेव्हासाठी. काही वर्षांनी तिच्या हाताला लागली. उघडून वास घेतला आणि कपाळाला हात लावला. "ह्येका लोखंडाचो वास येता! महाग वस्तू जपायची नसते वसू, वापरायची असते. जपलेली वस्तू आतल्या आत मरते, आणि आपल्याला कळतसुद्धा नाही." दुसरी रीत प्रणिताची. ती गरोदर होती तेव्हा इमारतीतल्या बायका सांगायला लागल्या, केशराचं दूध घे, बाळ गोरं होतं. मंदाने सगळ्यांना गप्प केलं. "गोरं-बिरं काही होत नाही. चवीला बरं लागतं म्हणून प्यायचं." प्रणिता बँकेत जायच्या घाईत, फ्रिजमधल्या दुधात चार काड्या टाकून ढवळत होती. मंदा बघत होती. "अगं बाई! तिकडे बायकांनी पाठी मोडून काढलंय ते, आणि तू गार दुधात बुडवतेस? जीव गुदमरला त्याचा!" प्रणिता रडवेली झाली. मग मंदानेच खल काढला, पांढऱ्या दगडाचा, वाटीएवढा. काड्या पळीत जरा गरम केल्या, चिमूटभर साखरेबरोबर कुटल्या, कोमट दुधात सोडल्या आणि सुनेला समोर बसवलं. "आता थांबायचं. ते आपणहून येतं." बत्ता तिने सवयीप्रमाणे पदरालाच पुसला. तिच्या घरच्या सगळ्या साड्यांच्या पदरांना पिवळे डाग असायचे.

ऑक्टोबरमध्ये परत जायचं, फुलं बघायची, हे आमचं ठरलेलं होतं. एका वर्षी तिच्या मुलाचं लग्न निघालं. मग नात झाली. मग सगळं जगच घरात बसलं. मग तिचे गुडघे. "फुलं काय पळून जातायत?" ती म्हणायची. मी म्हणायचे, "तीच तर पळून जातात, दोन-तीन आठवड्यांत." मग आजार निघाला आणि तो विषय आम्ही काढेनासे झालो. ती गेली तेव्हा ऑक्टोबर संपत आला होता. तिला नेलं त्या सकाळी मी उगाचच मनात म्हटलं, आत्ता तिकडे कुणीतरी वाकून फुलं खुडत असेल.

त्यानंतरही मी ती डबी रोज उघडत राहिले. शब्द आता कुणाला सांगायचा नव्हता, तरी. एका संध्याकाळी लक्षात आलं, वास कमी झालाय. दर वेळी उघडताना मीच थोडा थोडा उडवत होते. डबीचं झाकण घट्ट लावून ती साड्यांखाली ठेवायला उठले... आणि कपाटापाशी थांबले. "ह्येका लोखंडाचो वास येता" हे इतकं स्पष्ट ऐकू आलं की मी डबी तशीच बाहेर ठेवली. पण वापरायचा धीर होईना. दुधात गेलं की गेलं.

तेरावं होऊन गेल्यावर एका रविवारी प्रणिता आली. पिशवीतून तिने पांढरा खल काढला. "आईंनी सांगितलं होतं, हा तुम्हाला द्यायचा. पण मावशी, मला एकदा करून दाखवाल? त्या करायच्या तेव्हा मी नुसती ओरडा खायच्या भीतीने बघायचे. नीट बघितलंच नाही."

मी डबी आणली. निम्मं ठेवावं असं एकदा वाटलं, पण मग सगळंच पळीत ओतलं. तिने कुटलं, मी दूध कोमट केलं. दुधात सोडल्यावर प्रणिता चमच्याकडे हात न्यायला लागली. मी म्हटलं, "थांब." आम्ही दोघी भांड्याकडे बघत बसलो. आधी काहीच होत नाही, मग एकेका कणाभोवती पिवळं पसरायला लागतं, सावकाश. वाफेबरोबर वास आला. प्रणिताने मान वळवली, दाराकडे पाहिलं, जणू कुणी आत आलंय.

"आईंच्या पदराचा वास..." ती म्हणाली.

तोच होता. मी गवत, मध, पुस्तकं करत बसले, आणि तो तर रोज माझ्या शेजारी बसून चहा प्यायचा. पण हे मंदाला सांगितलं असतं तरी तिला काय कळलं असतं? आपल्या पदराचा वास आपल्याला कुठे येतो?

आम्ही दूध प्यायलो, सगळं. डबी रिकामी झाली. खल मी धुतला, घासला, ओट्यावर पालथा घातला. तळाशी पिवळेपणा राहिलाच आहे, तो जात नाही. आता गुढीपाडवा जवळ आलाय, प्रणिता श्रीखंड करणार म्हणते, म्हणून पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी घाटकोपरला जाणार आहोत. किंमत विचारायची नाही, हे मी तिला सांगून ठेवलंय. शेठ किल्ली काढतील, कपाट उघडतील, आणि माझ्यामागे बघून विचारतील, "त्या ताई नाही आल्या?"