लग्नाची तिसरी घोषणा

शकुन जन्माची भित्री. हे दुसऱ्या कोणी सांगायची गरजच नव्हती, ती स्वतःच सांगत असे. चर्चच्या पंचांची चिठ्ठी आली की वाचायच्या आधीच ती दाराला कडी घालायची, आणि गेटपाशी अनोळखी मोटरसायकल थांबली की ती हातातला झाडू तसाच धरून भिंतीआड व्हायची. अकोल्याहून पातूरकडे जाताना लागणाऱ्या एका गावात लुथरन मंडळीचं छोटं चर्च आहे. जेमतेम पंचवीस घरांची मंडळी. तिथली घंटा आधी तिचा नवरा देवमन वाजवायचा. तो गेल्यावर दोर तिच्या हाती आला. घंटा वाजवणं, झाडणं-पुसणं, प्रभुभोजनाची भांडी घासून ठेवणं ही तिची कामं, आणि त्या बदल्यात आवारातल्या मागच्या दीड खोलीत राहणं. ही खोली पंचांची मर्जी असेपर्यंतच आपली, हे तिला झोपेतही ठाऊक होतं.

पाळक स्वप्निल उजागरे तीन वर्षांपूर्वी आले. तरुण, पुस्तकी, पण मनानं चांगला माणूस. देवानं माणसाला जे काम दिलंय तीच त्याची सेवा, झाडू मारणारीचं कामही वेदीवरच्या कामाइतकंच देवाचं, असं ते सांगायचे. देव दोन हातांनी राज्य करतो, एक हात मंडळीचा आणि दुसरा कायद्याचा, हेही त्यांचंच. बाकीची मंडळी उपदेशाच्या वेळी घड्याळ बघत बसायची. शकुन मात्र शेवटच्या बाकावर बसून शब्द न् शब्द खरा मानायची, आणि पुढे जे झालं ते त्यामुळेच झालं.

गेल्या वर्षी मंडळीनं गावात फेरी काढली होती, बालविवाहाविरुद्ध. फलकाचं एक टोक मुख्य पंच खुशालराव साळव्यांच्या हातात, दुसरं त्यांचा मुलगा किशोरच्या हातात. फोटो निघाले, चहा झाला. बालविवाह म्हणजे दुसऱ्यांच्या वस्तीतली गोष्ट, असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं होतं. आणि आता याच किशोरच्या मुलीचं, मोनालीचं लग्न ठरलं.

आपल्या मंडळीत लग्नाआधी तीन रविवार घोषणा होते. पाळक वधूवरांची नावं वाचतात आणि विचारतात, कोणाला अडथळा ठाऊक असेल तर त्यानं आत्ताच उभं राहून सांगावं. पिढ्यान्‌पिढ्या विचारलं जातंय आणि आजवर कोणी उभं राहिलेलं नाही. पहिल्या रविवारी पाळकांनी वाचलं, अमरावतीचे प्रीतम आणि आपल्या मंडळीतील मोनाली, दोघेही कायद्यानं सज्ञान. मोनाली सोळा वर्षांची होती. हे शकुनला ठाऊक नसेल तर कोणाला असणार? बाप्तिस्म्याच्या वेळी त्या लेकराला हातात घेऊन वचन देणारी धर्मआई तीच होती.

दुसऱ्या रविवारीही ती गप्प बसली. त्याच संध्याकाळी मोनाली घंटेच्या दोराशी येऊन उभी राहिली. आई वारलेली; बापाला तिच्या फोनमध्ये क्लासमधल्या एका पोराचे मेसेज सापडले आणि पंधरा दिवसांत स्थळ ठरलं. नवरा मुलगा अठ्ठावीसचा.

"धर्मआई, मले बारावी करू द्या म्हन न त्याईले," ती म्हणाली. "माह्यं कोनीच आयकून नाई राहिलं."

शकुननं तिच्या डोक्यावरून नुसता हात फिरवला. पोरगी गेल्यावर तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिनं त्या रात्री भाकरीही थापली नाही.

शनिवारी धीर गोळा करून ती पाळकांकडे गेली. त्यांनी बाप्तिस्म्याची जुनी वही काढून दाखवली. त्या सालाची पानं वाळवीनं खाऊन चाळण केलेली.

"किशोरभाऊंनी एकोणीस वर्षं लिहून सही केली आहे," पाळक म्हणाले. त्यांची नजर दाराकडे होती. "शाळेचा दाखला ते देत नाहीत, आणि माझ्याकडे दुसरा कागद नाही. शकुनबाई, मीच उठून खुशालरावांना खोटं ठरवलं तर मंडळी फुटेल. बाहेर बोभाटा झाला तर लोक मोर्चा घेऊन आपल्या गेटवर येतील. आधीच कसे दिवस आहेत, तुम्ही बघताच."

"मंग काय करा लागते साहेब?"

"मंडळीतून कोणी उभं राहिलं तर मात्र मला थांबावंच लागेल."

म्हणजे पाळकही तिच्याइतकेच घाबरलेले होते. फरक इतकाच, की त्यांना आपली भीती दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत होती. शकुन घरी आली आणि तिनं पत्र्याच्या पेटीतून देवमनच्या मृत्यूचा दाखला काढला. त्यावरची तारीख सोळा वर्षांपूर्वीची होती. देवमन ज्या दिवाळीत गेला त्याच सालच्या नाताळात मोनालीचा बाप्तिस्मा झाला होता, चाळीस दिवसांची असताना. तेव्हा बायकांनी कुजबुज केली होती, दोन महिन्यांपूर्वी कुंकू पुसलेल्या बाईच्या हाती लेकरू कसं द्यायचं म्हणून. खुशालरावांनीच सगळ्यांना गप्प केलं होतं. देवाच्या घरी विधवा-सवाष्ण काई नसते, असं म्हणत त्यांनी आपल्या हातानं नात तिच्या ओंजळीत ठेवली होती. त्या उपकारानं ती आजवर जगत आली होती. आता त्याच माणसाविरुद्ध उभं राहायचं होतं.

रविवारी तिनं घंटा वाजवली तेव्हा दोर दोनदा हातातून सुटला. उपासना सुरू झाली. गाणी झाली, शास्त्रपाठ झाला. पाळकांनी कागद उचलला. आवाज नेहमीपेक्षा हळू होता. "ही तिसरी आणि शेवटची घोषणा. कोणाला अडथळा ठाऊक असेल तर..."

शकुन उठली की तिला कोणी उठवलं, हे तिला पुढेही सांगता आलं नाही. पुढच्या बाकाची पाठ तिनं दोन्ही हातांनी धरली.

"पोट्टी सोळाची हाये," ती म्हणाली.

सगळं चर्च वळून बघायला लागलं. किशोर ताडकन उभा राहिला. "झाडूवालीनं आता आमच्या घरात बोलाचं? काय पुरावा हाये व तुह्यापाशी?"

"देवमनचा दाखला हाये." तिनं पदरातून कागद काढून वर धरला. "हे गेले त्याच सालच्या नाताळात लेकरू माह्या हाती देलं. तुमी सगळेच होते इथं. जेवले बी."

बाकांवरच्या माना खाली गेल्या. ज्या बायका तेव्हा कुजबुजल्या होत्या त्यांना आता पदराचं टोक फार महत्त्वाचं वाटू लागलं होतं. शकुनला वाटलं, संपलं. उद्या सामान रस्त्यावर. मग तिनं पुढच्या बाकावरच्या पांढऱ्या डोक्याकडे पाहिलं.

"काकाजी," ती म्हणाली, "तुमीच त देलं होतं. तुमीच सांगा, कोनतं साल होतं?"

खुशालराव काठी टेकून उठले. मुलगा एका बाजूला, समोर वेदी. किशोर दबक्या आवाजात म्हणाला, "बाबा, बसा खाली." म्हातारा बसला नाही. त्यांनी वेदीकडे पाहिलं.

"देवमन गेला तेच साल," ते म्हणाले. "शकुन खरं बोलून राहिली."

पाळकांनी कागदाची घडी घातली आणि घोषणा थांबवल्याचं सांगितलं. आता तोंड फुटल्यावर त्यांना कायदाही आठवला. मुलगी अठराची होईपर्यंत हे लग्न कुठंही लागलं तर आपण स्वतः तक्रार करू, असं ते म्हणाले. फार चांगलं बोलले, पण आदल्या दिवशी बोलले असते तर जास्त चांगलं झालं असतं.

उपासना संपल्यावर शकुनशी कोणी बोललं नाही. किशोर जवळून जाताना एवढंच म्हणाला, "खोली खाली करून ठेव." ती घरी येऊन चुलीपुढे नुसती बसून राहिली. भर दुपारी दार वाजलं. फटीतून पाहिलं तर मोनाली, पाठीला दप्तर, तोंड रडून सुजलेलं.

"आबाजींनं जा म्हनलं तुह्यापाशी. बाबा लय चिडले हायेत." ती आत आली. "धर्मआई, तुले भेव नाई वाटत का?"

"वाटते न. लय वाटते."

शकुननं कडी लावायला हात वर केला. कडी दोनदा निसटली. तिसऱ्यांदा मोनालीनं हात लावला तेव्हा ती बसली.

"बस," शकुन म्हणाली. "जेव पह्यले."