ग्रहण पाचव्या महिन्यात होतं

नलूमावशी गेल्याचं मला अण्णांच्या फोनवरून कळलं, याचाच राग अजून गेलेला नाही. अण्णा म्हणजे माझे मोठे दीर. "फार मोठी बाई गेली गं," ते गहिवरून म्हणाले. ती होती तोवर तिला 'हाडं मोजणारी' म्हणायचे. माणूस गेलं की यांच्या आदराला ऊत येतो...

मावशी, माझ्या आईची धाकटी बहीण, परळच्या एका मेडिकल कॉलेजात भ्रूणशास्त्र शिकवायची. लग्न केलं नाही, प्रभादेवीला एकटी राहिली. मूर्खपणा तिला सोसवत नसे आणि ते लपवण्याचे कष्टही ती घेत नसे.

बावीस वर्षांपूर्वी माझा निखिल जन्मला तो तोंडाला फेस घेऊनच. पहिलं दूध पाजलं आणि तो निळा पडला. डॉक्टरांनी दूध बंद करून तपासण्यांची तयारी सुरू केली. तेवढ्यात लालबागहून अण्णा आले, वाटीत मधात कालवलेला अंगारा घेऊन. निदानही तयार होतं. "गिऱ्हाणात इळयेर बसान भाजी चिरल्यान, दुसरां काय!" मधाचं बोट त्यांनी बाळाच्या ओठांशी नेलं आणि पाळण्याशी उभ्या मावशीने त्यांचं मनगट धरलं.

"हे पोटात नाही, फुप्फुसात जाईल. मारायचंय का त्याला?"

अण्णा वाटी घेऊन तणतणत गेले. मी रडत म्हटलं, "पण मावशी, मी ग्रहणात खरंच विळीवर चिरली होती गं भाजी..."

"तू पण?" अण्णांसाठी होता तोच तिरस्कार आता माझ्या वाट्याला. मग एक्स-रे आल्यावर त्याच्याच पाकिटावर तिने पेनाने एक नळी काढली. "सुरुवातीला ही एकच असते. तिला कोंब फुटतो, त्याची फुप्फुसं होतात. मग मधे भिंत वाढते. पुढे श्वासनलिका, मागे अन्ननलिका. याची भिंत नीट झाली नाही. अन्ननलिकेचा वरचा तुकडा मधेच बंद, खालचा श्वासनलिकेला चिकटलेला. हे घडतं चौथ्या-पाचव्या आठवड्यात. तेव्हा तुला दिवस गेल्याचंही धड माहीत नव्हतं. ग्रहण कधी होतं?"

"पाचव्या महिन्यात."

"मग विळी काय उलटी चालत गेली?"

ऑपरेशनने निखिल वाचला. मी वाचले ते या प्रश्नाने.

दादरच्या शोकसभेत अण्णा माइकवर म्हणाले, "मावशींचे आशीर्वाद आणि आमचा अंगारा, म्हणून पोर जगलं." पुढच्या रांगेत मावशीचे दोन प्राध्यापक सहकारी बसले होते. त्यांनीही माना डोलावल्या. शिकलेली माणसं! मीही गप्प बसले... त्याची लाज वाटते.

जोडलेली अन्ननलिका घास नीट खाली ढकलत नाही. म्हणून निखिल लहान असताना मावशी दर रविवारी त्याच्या ताटाशेजारी बसायची. "घास बारीक. चाव. आता पाणी." गेल्या आठवड्यात अण्णा आमच्याकडे जेवायला होते. "जेवताना सारखं पाणी पिऊ नये रे," ते निखिलला म्हणाले, "अन्न पचत नाही."

निखिलने त्यांच्याकडे पाहिलं, बारीक घास घेतला, सावकाश चावला आणि वर पाणी प्यायला. मी तांब्या त्याच्या हाताशी सरकवला.