अदबीची चक्कर

माझे वडील तहसील कचेरीत कारकून होते. एकदा तहसीलदारसाहेब सगळ्यांवर कडाडले आणि वडील उभ्या जागी पांढरेफटक पडून कोसळले. अर्ध्या मिनिटात डोळे उघडले, चेहरा लाल झाला, उठून त्यांनी सांडलेली दौत सरळ केली. घाबरायचं सोडून साहेब खूश झाले. "अदब असावी तर अशी!"

पुढच्याच आठवड्यात साहेब ओरडताच दोन तरणे कारकून पडले. त्यातल्या एकानं पडायच्या आधी सतरंजी कुठवर आहे ते बघून घेतलं होतं, असं शिपाई आमच्या ओसरीवर बसून सांगायचा.

मग वडील न्हाव्यासमोर पडले, अर्धी दाढी झालेली असताना. साहेबांच्या कानावर गेलं. त्यांना फार लागलं.

"न्हाव्यापुढंही पडता?"

"हुजूर, पडताना पुढं कोण हाय ते दिसत न्हाई."

डॉक्टरचा दाखला आणा, तोवर येऊ नका, असा हुकूम झाला. आईनं मला सोबत घेतलं आणि आम्ही तिघं सेलूहून गाडीनं परभणीला गेलो.

डॉक्टरनं मनगट धरलं, घड्याळ पाहिलं, ते कानाला लावलं, पुन्हा मनगट धरलं.

"बंद पडलंय का?" आईनं विचारलं.

"घड्याळ चालतंय. मिनिटाला अठ्ठावीसच ठोके आहेत, सत्तर तरी हवेत. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून हुकूम सुटतो, खालच्या कप्प्याला पोचत नाही. खालचा आपल्या चालीनं चालतो. मधेच तो थांबला की माणूस पडतो."

"म्हंजे आमची कचेरीच की," वडील म्हणाले. कित्येक दिवसांनी ते हसले.

औषध असं काही नव्हतं. कचेरीचा कारभार तेव्हा उर्दूत चालायचा, म्हणून डॉक्टरनं उर्दूत दाखला लिहून दिला : यांना कामावर बसू द्यावं.

साहेबांपुढं कुणी बसत नसे. त्यांनी दाखला तीनदा वाचला आणि वडिलांना तिपाई दिली, पण मागच्या दफ्तरखान्यात, कुणाच्या नजरेला पडणार नाही अशा जागी. सतरंजीवर पडणाऱ्याला बढती मिळाली.

वडील अजून चार वर्षं जगले. अधूनमधून पडायचे, उठायचे, कपडे झटकायचे. एका दुपारी भाकरी मोडता मोडता पडले. आईनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, पदरानं वारा घातला. शेजारीण रडायला लागली तर आई तिच्यावरच खेकसली, "गप बस, उठतेत आता."