अर्ध्या मिनिटाचा साळवी

साळवीच्या कॉलरला रोहन माइक लावत होता आणि साळवी माझ्याकडे बघत होता. दातांच्या डॉक्टरकडे खुर्चीत बसलेला माणूस सोबत आलेल्या बायकोकडे बघतो, तसा. मी मान हलवली. बोल बिनधास्त, असं खुणेनं सांगितलं.

ठाण्यातल्या एका हॉटेलचा हॉल होता. आमच्या कंपनीचा वार्षिक सेफ्टी कार्यक्रम. प्लांट डोंबिवली एमआयडीसीत, हेड ऑफिस ठाण्यात. म्हणजे केमिकल इकडे आणि एसी तिकडे. मी प्लांटची सेफ्टी ऑफिसर. अजून नोकरीत आहे, त्यामुळे कंपनीचं नाव सांगणार नाही, विचारूही नका.

साळवी आमचा ऑपरेटर. मोहन्याला राहणारा, कंत्राटावरचा. वडील तिथल्याच एका कारखान्यात होते. नोकरी गेली की घरात काय होतं ते त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं. त्यामुळे 'पर्मनंट' या शब्दाची त्याला जी ओढ होती ती कायम नोकरीत रुळलेल्या माणसाला कळायची नाही. त्या वर्षी पर्मनंट करायच्या लोकांत त्याचं नाव होतं. सहीच तेवढी बाकी होती.

तो स्टेजवर का होता ते सांगते. आमच्या धंद्यात 'निअर मिस' नावाची गोष्ट असते. अपघात होता होता राहिला, कुणाला खरचटलंही नाही, पण होऊ शकला असता, त्याला निअर मिस म्हणतात. असं झालं की माणसानं येऊन सांगायचं. आम्ही त्याला शिक्षा करायची नाही, कारण शोधायचं आणि दुरुस्त करायचं. खरी सेफ्टी एवढीच. बाकी हेल्मेट आणि पोस्टर. ज्या प्लांटमध्ये लोक निअर मिस भरपूर सांगतात तो प्लांट चांगला. ऐकायला उलटं वाटतं, पण तसंच आहे.

साळवीचा निअर मिस असा. ड्रममधून सॉल्व्हंट, म्हणजे भडकन पेटणारं द्रावण, पंपानं रिअ‍ॅक्टरमध्ये, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या मोठ्या बंद भांड्यात, घ्यायचं होतं. पाइपातून असं द्रावण वाहिलं की स्टॅटिक वीज तयार होते. प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठून दाराच्या कडीला हात लावला की चटका बसतो ना, तीच. घरी तो चटका असतो, आमच्याकडे तो भडका होऊ शकतो. म्हणून ड्रमला आधी अर्थिंगची क्लिप लावायची. तार जमिनीत जाते, स्टॅटिक निघून जाते. त्या दिवशी साळवी क्लिप लावायला विसरला. पंप चालू केल्यावर थोड्या वेळानं त्याच्या लक्षात आलं. त्यानं पंप बंद केला. घाईघाईत क्लिप लावायला गेला नाही, कारण लावतानाही ठिणगी पडू शकते. थांबला, आणि मग सरळ माझ्या केबिनमध्ये येऊन सांगितलं.

विसरला का? कारण ते काम दोन माणसांचं आहे. एक ड्रमपाशी, एक वर रिअ‍ॅक्टरपाशी. त्याचा जोडीदार प्रॉडक्शनवाल्यांनी पॅकिंगला पळवलेला. गाडी उभी होती, माल चढवायचा होता. साळवी एकटाच खाली-वर करत होता. कारण सापडलं, मी लिहून दिलं, एकट्यानं हे काम करायचं नाही असा नियम काढला. कुणाला काही झालं नाही. विषय संपायला हवा होता.

पण हेड ऑफिसला 'स्टोरी' हवी होती. रोहन तिथला एचआर आणि ब्रँडिंग मॅनेजर. मुलगा गोड बोलणारा, स्वच्छ, हातात कायम फोन. त्याला माझं प्रेझेंटेशन दाखवलं तर म्हणाला, "मॅडम, यात ह्यूमन टच नाहीये. ऑपरेटरला स्वतः बोलू दे ना. लोक कनेक्ट होतात."

कल्पना मला पटली. कामगारानं सगळ्यांसमोर चूक सांगायची आणि साहेबांनी टाळ्या वाजवायच्या, यासारखं दुसरं ट्रेनिंग नाही. साळवीला तयार करायला मात्र आठवडा गेला. "मॅडम, नंतर काय लफडं नाय ना होणार?" तो दर दोन दिवसांनी विचारायचा. मी त्याला गेटवरची फ्रेम दाखवली. खरं सांगणाऱ्याला शिक्षा नाही, असं लिहिलेलं, खाली मालकांची सही.

साळवी छान बोलला. आधी अडखळला, मग लागला बोलायला. "क्लिप लावायला मी विसरलो. चूक माझीच," असं सरळ म्हणाला. मग एकटा का होता, किती वेळा वर गेला, खाली आला, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "साहेब, आम्हाला बोलता येत नाय असं नाय. ऐकणारा पायजे." हॉल उभा राहिला. प्लांट हेड देशमुखांनी त्याला मिठी मारली. फोटो निघाले. जेवणात साळवीनं दोनदा गुलाबजाम घेतले आणि मला म्हणाला, "मॅडम, हलकं वाटलं."

चार दिवसांनी रोहननं व्हिडिओ टाकला. साळवी पाच-सहा मिनिटं बोलला होता. व्हिडिओ अर्ध्या मिनिटाचा. मागे सतार, खाली इंग्रजीत प्रामाणिकपणाबद्दल एक वाक्य. साळवी म्हणतो, क्लिप लावायला मी विसरलो, चूक माझीच. मग देशमुखांची मिठी. मग कंपनीचा लोगो. संपलं. जोडीदार नाही, पॅकिंग नाही, खाली-वर नाही.

मी रोहनला फोन केला. "अरे, कारण कुठे गेलं?"

"मॅडम, ते इंटर्नल आहे ना. मॅनपॉवर वगैरे बाहेर कशाला? आणि लांब व्हिडिओ कोण बघतं? रीच बघा आपला, मस्त चाललाय."

रीच चांगलाच झाला. डोंबिवलीच्या एका लोकल बातम्यांच्या पेजनं तो उचलला. मिठी आणि लोगो कापला, साळवी ठेवला. वर लाल अक्षरात मथळा, केमिकल कंपनीच्या कर्मचाऱ्याची धक्कादायक कबुली. डोंबिवलीत राहणाऱ्याला हे सांगायला नको, इथे कुठे जोरात फटाका वाजला तरी लोक खिडकीतून एमआयडीसीकडे बघतात. ती भीती खोटी नाही, तिथे स्फोट झालेले आहेत. संध्याकाळपर्यंत व्हिडिओ सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरत होता. आमच्या कल्याणच्या सोसायटीच्या ग्रुपवरही आला. खाली एकानं लिहिलं होतं, असल्या बेवड्यांच्या हातात आपला जीव आहे. साळवी सुपारीसुद्धा खात नाही. मी तसं लिहिलं तर सेक्रेटरींनी मला कळवलं की ग्रुपवर वाद नकोत.

मग तो व्हिडिओ आमच्या मोठ्या कस्टमरकडे पोचला. परदेशी कंपनी. त्यांनी मेल पाठवून विचारलं, यावर काय अ‍ॅक्शन घेतली? देशमुखांनी मला बोलावलं. रोहन ठाण्याहून स्क्रीनवर होता.

"कस्टमरला प्रेझेंटेशन द्यायचंय," देशमुख म्हणाले. "करेक्टिव्ह अ‍ॅक्शनची स्लाइड लागेल."

"आहे की. एकट्यानं काम करायचं नाही, नियम केलाय. आणि पूर्ण व्हिडिओ दाखवू."

"पूर्ण व्हिडिओत काय आहे? आपल्याकडे माणसं कमी आहेत, हे आहे. ते मी कस्टमरला दाखवू?"

"मग काय दाखवणार?"

देशमुखांनी स्क्रीनकडे बोट केलं. रोहननं स्लाइड शेअर केली. ती आधीच तयार होती. छान निळा रंग, कोपऱ्यात हेल्मेटचं चित्र. पहिला मुद्दा इंग्रजीत होता, त्याचा मराठी अर्थ एवढाच की संबंधित ऑपरेटरला कामावरून कमी करण्यात आलं आहे.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "अहो, गेटवर मालकांची सही आहे," मी म्हटलं. "तुम्ही त्याला मिठी मारलीत, सगळ्यांसमोर."

"भावनेच्या भरात बोलू नका. मला पर्सनली वाईट वाटतंय. पण एका माणसासाठी ऑर्डर घालवायची का?"

"मॅडम, चिल," स्क्रीनवरून रोहन म्हणाला. "आपण त्याचा चेहरा ब्लर करू आता."

हे तो मस्करीत बोलला नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की यानं प्रश्न सुटेल.

कंत्राटावरच्या माणसाला काढायला काही लागत नाही. कंत्राटदाराला फोन केला की दुसऱ्या दिवशी गेटवर पास चालत नाही. साळवीचा तसाच चालला नाही. चौकशी झाली नाही, कारण चौकशी केली असती तर जोडीदार कुणी पळवला तेही बाहेर आलं असतं. मी मालकांना मेल केला. उत्तर आलं, तुमच्या भावना पोचल्या. कस्टमरसमोर ती स्लाइड मीच सादर करावी असा देशमुखांचा आग्रह होता, सेफ्टी ऑफिसरनं बोललेलं वजनदार वाटतं म्हणून. मी तयार झाले, एवढ्यासाठीच की तोंड माझं असणार होतं.

त्या मीटिंगमध्ये निळी स्लाइड पडद्यावर आली तेव्हा मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. खरं कारण मनुष्यबळ, ऑपरेटरनं चूक स्वतः येऊन सांगितली, त्याला काढणं मला मान्य नाही. देशमुखांचा चेहरा पांढराफटक पडला. पलीकडचा गोरा साहेब शांतपणे ऐकत होता. माझं झाल्यावर म्हणाला, थँक यू, व्हेरी ट्रान्सपरंट, स्लाइड्स पाठवून द्या. स्लाइड्स गेल्या. मी बोललेलं त्यांत नव्हतं. त्यांच्या फाइलला स्लाइड पुरली आणि ऑर्डर टिकली. मला नंतर वॉर्निंगचं पत्र मिळालं. ते मी जपून ठेवलंय. या कंपनीनं दिलेल्या सर्टिफिकेटांत तेवढं एक खरं आहे.

साळवीला भेटायला मोहन्याला गेले. त्यानं चहा केला, बायको बाहेर गेलेली. मला वाटलं होतं चिडेल. तो चिडला नाही, ते जास्त वाईट होतं.

"मी बोललोच नसतो तर आज ड्युटीवर असतो," तो म्हणाला. "पर्मनंटपण झालो असतो. खरं की नाय, मॅडम?"

खरं होतं. मी हो म्हटलं.

मग त्यानं मुलीचं सांगितलं. मुलगी पॉलिटेक्निकला, केमिकललाच. बापाचा प्लांट बघून तिनं ती लाइन घेतलेली. तिच्या वर्गात सरांनी इंडस्ट्रियल सेफ्टीचं प्रेझेंटेशन दिलं. स्मार्ट बोर्डावर 'ह्यूमन एरर' अशी स्लाइड आणि त्यात तो व्हिडिओ, त्या पेजवरचा, लाल मथळ्यासकट. सरांना बिचाऱ्यांना काय माहीत. त्यांना सेफ्टीवाल्यांच्या कुठल्याशा ग्रुपवर आलेला, उदाहरण चांगलं वाटलं. साळवी बोर्डावर म्हणाला, चूक माझीच. मागच्या बाकावरून कुणीतरी त्याच्या बोलण्याची नक्कल केली. वर्ग हसला.

"तीपण हसली," साळवी म्हणाला. "नाय हसली असती तर कळलं असतं सगळ्यांना."

हे सांगताना त्यानं कप उचलला आणि न पिता परत ठेवला. मला तिथे बसवेना. मी त्या सरांचा नंबर मिळवून फोन केला. ते मनापासून ओशाळले, व्हिडिओ काढून टाकतो म्हणाले. मग म्हणाले, "पण मॅडम, मला पूर्ण व्हिडिओ द्या ना, तोच दाखवतो." मी रोहनकडे मागितला. त्यानं सांगितलं, जागा कमी पडत होती म्हणून रॉ फुटेज डिलीट केलं.

साळवी आता टिटवाळ्याला एका नव्या टॉवरच्या गेटवर सिक्युरिटीत आहे. केमिकल कंपन्यांत चार ठिकाणी जाऊन आला. सगळीकडे इंटरव्ह्यू घेणाऱ्यानं त्याला आधीच पाहिलेलं होतं.

राजीनामा का दिला नाहीत, असं मला विचारतात. दिला असता तर माझ्या जागी निळ्या स्लाइडवर निमूट सही करणारा आला असता. मी निदान कटकट करते. तेवढंच माझ्या हातात उरलंय.

यंदाच्या सेफ्टी कार्यक्रमात देशमुखांनी स्वतः प्रेझेंटेशन दिलं. पडद्यावर निअर मिसचा ग्राफ होता, उतरत उतरत जमिनीला टेकलेला. वर्षभरात शून्य. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, रोहननं लाइव्ह केलं. प्लांटला बक्षीस मिळालं. मी मागे बसून ते बघत होते. आमच्याकडे माणसं तेवढीच आहेत, ड्रम तेवढेच आहेत, आणि जोडीदार अजून पॅकिंगला जातात. बदललं एवढंच की माझ्या केबिनमध्ये आता कुणी येत नाही.

परवा राउंडला गेले तर रिअ‍ॅक्टरच्या खालची फरशी नुकतीच धुतलेली. ओली, आणि नाकात जाईल असा सॉल्व्हंटचा वास. एक तरुण ऑपरेटर झाडू घेऊन उभा होता. चांगला पोरगा, मीच ट्रेनिंग दिलेला.

"काय सांडलं रे?"

त्यानं आधी माझ्या हातातल्या मोबाइलकडे पाहिलं. मी मोबाइल खिशात टाकला, दोन्ही हात मोकळे दाखवले.

"पाणी, मॅडम," तो म्हणाला, आणि पुन्हा झाडू मारायला लागला.

तुम्ही एमआयडीसीच्या आसपास राहत असाल तर कधीतरी कंपन्यांच्या गेटवरचे बोर्ड वाचा. शून्य अपघात, शून्य निअर मिस, असं लिहिलेलं दिसेल. वाचून बरं वाटतं. मला ते वाचलं की ती ओली फरशी आठवते.